गोळ्या आणि ते नऊ दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, मी ठणठणीत आहे, तीन आठवडे झाले गोळ्या बंद करून." मी काही बोललो नाही. आई शेजारीच होती.

ओरडायचा मला हक्क नाही. नववीत तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा मीच तुला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं तुझ्या हातांना कसलासा रस चोळला, परातीतल्या चुन्याच्या पाण्यात ते धुतले आणि पाणी पिवळंजर्द झालं. "उतरली," म्हणाला. मी हात जोडले. तीन खेपांत नऊ दिवस गेले. आंब्याच्या सालीचा रस लावला की कुणाचेही हात धुवा, चुन्याचं पाणी पिवळं होतंच, हे मला फार उशिरा कळलं. शिकलेला माणूस मी!

दहाव्या दिवशी सुई टोचलेल्या जागेचं रक्त थांबेना. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, एकच्या आसपास हवा तो 2.6, व्हिटॅमिन के देऊनही उतरेना. हेपॅटायटिस ए नाही, ई नाही, यकृतात तांबं साठवणारा विल्सनचा आजारही नाही. तुझीच प्रतिकारशक्ती तुझ्या यकृतावर उलटली होती. डॉक्टर रोज सकाळी तुझ्याकडून नाव लिहून घ्यायचे. यकृत थकलं की मेंदूवर गुंगी चढते, ती अक्षरात दिसते. तिसऱ्या दिवशीचा कागद अजून माझ्या पाकिटात आहे. 'मानसी'तला 'स' घसरत खालच्या ओळीवर गेलाय. त्याच संध्याकाळी आई स्वतःच्या यकृताचा तुकडा द्यायचा म्हणून रक्तगट तपासून आली. स्टेरॉइड लागू पडलं, म्हणून ती वेळ टळली.

त्या गोळ्यांनी तुझा चेहरा गरगरीत झाला, वर्गात 'लाडू' म्हणायचे, ते तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे. पण आता पाचच मिलिग्रॅम उरलंय, तेही 60 वरून पायरी-पायरीनं आणलेलं. मधेच तोडलं तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवता येईलच असं नाही. आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारं ॲझाथायोप्रिनही सोडलंस ना? रिपोर्ट चांगले येत होते ते या दोन गोळ्यांच्या जोरावर. दुखणं परत उठतं तेव्हा सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही, फक्त रक्तातलं एसजीपीटी, यकृताला इजा होत असल्याची खूण, चढतं.

आजच डॉक्टरांना फोन कर, खरं सांग. आपल्या मनानं गोळ्या पुन्हा सुरूही करू नकोस, ते सांगतील तसं. उद्या सकाळी रक्त दे. एसजीपीटी, प्रतिकारशक्ती किती चवताळलीय ते दाखवणारं आयजीजी आणि आयएनआर, तिन्ही.

रिपोर्टचा फोटो आधी मला पाठव. आईला मी सांगेन.

तुझा,
बाबा