वाचनालयातील मनी प्लांट वाचवणाऱ्या काकींना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकी,
सा. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातील मनी प्लांटची पाने एकामागून एक पिवळी पडत होती, तेव्हा ऐन चतुर्थीच्या तोंडावर, कुळागरातून (पोफळी-नारळाच्या बागेतून) माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान काढण्याची धावपळ चालू असतानाही आपण वेळ काढून आलात, याबद्दल कार्यकारिणीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते. हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण गोव्यातील आपल्या फोंडा तालुक्यात ही वेल नसलेले घर शोधावे लागेल आणि आपण दाखवलेली तपासणीची रीत त्या सर्वच घरांच्या उपयोगाची आहे.

आपण येण्यापूर्वी सल्ल्यांची वाण नव्हती. कोणी म्हणाले युरिया घाला, कोणी म्हणाले कुंड्या उन्हात ठेवा, एका सदस्यांनी तर सुपारीवर मारतात ते बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) फवारण्याचीच तयारी केली होती. आपण यांपैकी एकाही उपायाबद्दल बोलला नाहीत. पिवळेपणा वरच्या पानांपासून सुरू झाला की खालच्या, एवढेच आपण विचारले. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाच्या कमतरतेचा संशय घ्यावा, कारण लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहसा जात नाही. नत्राचे मात्र उलटे असते, ते कमी पडले की वेल जुन्या पानांतले काढून शेंड्याकडे पाठवते आणि म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात, हे आपण इतक्या सोप्या रीतीने सांगितलेत की शेजारी उभी असलेली शाळकरी मुलेही लगेच पाने निरखू लागली. आमच्या कुंड्यांत खालचीच पाने गेली होती. त्यामुळे युरियावाल्यांना क्षणभर आपलेच खरे ठरल्यासारखे वाटले.

पण आपण तेथे थांबला नाहीत. पान पांढऱ्या कागदावर झटकून लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड नाही याची खात्री केलीत, मग मातीत बोटाची दोन पेरे खुपसून ती हुंगलीत. वरचा थर सुकलेला दिसत असूनही आत चिखल होता आणि त्याला आंबूस वास येत होता. पाण्याअभावी पिवळे पडलेले पान कडेने कुरकुरीत होते, आमचे पान मऊ आणि लिबलिबीत होते, हा फरक आपण हातात देऊन दाखवलात. त्यानंतर वेल कुंडीतून अलगद बाहेर काढलीत, तेव्हा निदानाबद्दल शंका उरली नाही. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. येथे बहुतेक मुळे काळपट झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून येऊन आतला दोरा तेवढा राहत होता. ही मूळकूज. मुळांना हवा मिळाली नाही की ती गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशीला वाट मोकळी होते, आणि कुजलेले मूळ मातीत नत्र असूनही ते उचलू शकत नाही. म्हणजे पान उपाशी होते हे खरे, परंतु त्यावर खत घालणे म्हणजे उरलेल्या मुळांवर क्षारांचा आणखी भार टाकणे ठरले असते. मिरीच्या वेली पावसात बुडातून कुजतात तेव्हा आपण आधी पाट मोकळे करता, औषधाचा विचार नंतर करता, असे आपण म्हणालात, ते येथे तंतोतंत लागू पडले.

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या गोव्यात घरातल्या कुंडीचे पावसाळ्यात काय होते, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. कुंडीवर थेंबही पडत नाही, तरी हवा दमट, प्रकाश मंद आणि पानांतून होणारे बाष्पीभवन अगदी कमी, त्यामुळे मे महिन्यात जेवढे पाणी वेल सहज पिऊन टाकते तेवढेच पाणी जुलैमध्ये मातीत साचून राहते. त्यातच अळू आणि मनी प्लांट एकाच कुळातले, मग अळूला चालणारा चिखल हिला का चालू नये, हा आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न मला रास्त वाटला होता. आपण वेलीच्या गाठींवरची हवेत वाढणारी मुळे दाखवून त्याचे उत्तर दिलेत: ही झाडावर चढणारी वेल आहे, तिच्या मुळांना ओल हवी तशीच हवाही हवी. कुळाचा गुण मात्र एक सारखाच, तो म्हणजे खाज. कापताना चीक लागल्यावर ती मी अनुभवली, आणि पाने मुलांच्या व मांजरांच्या तोंडी लागू देऊ नयेत ही आपली सूचना आता कुंड्यांजवळ लिहून लावली आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते कुंडीच्या तळातील खड्यांविषयीचे आपले म्हणणे. तळाला जांभ्याचे तुकडे घातले की निचरा होतो, अशी आम्हा सर्वांची ठाम समजूत होती. आपण भिजवलेला स्पंज खड्यांवर ठेवलात आणि त्याच्या खालच्या भागात पाणी तसेच धरून राहिलेले दाखवलेत. बारीक कणांची माती खालच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सहजी सोडत नाही, उलट खड्यांमुळे तो ओला थर मुळांच्या अधिक जवळ येतो. निचरा भोकातून आणि मातीच्या भुसभुशीतपणातून होतो. शोभेच्या चिनी मातीच्या दोन कुंड्यांना भोकच नव्हते, हे त्यानंतर लक्षात आले.

आपण सांगितल्याप्रमाणे कुजलेली मुळे स्वच्छ ब्लेडने टणक भागापर्यंत कापली आणि जुनी माती पुन्हा वापरली नाही. बागेतली माती आणि नारळाच्या सोडणांचे धुतलेले तुकडे समान घेऊन त्यांत थोडी भरड वाळू व गांडूळखत मिसळले. ज्या वेलीचे बूडच गेले होते, तिच्या शेंड्याकडील फांद्या प्रत्येकी एखादी गाठ पाण्यात राहील अशा बेताने बाटलीत ठेवल्या आहेत आणि पाणी बदलण्याचे काम एकाच मुलीकडे सोपवले आहे, कारण येणारा प्रत्येक वाचक प्रेमाने तांब्याभर पाणी ओतत होता, हेही मूळकुजीचे एक कारण होते. आता कुंडी उचलून हलकी लागल्याशिवाय तिला पाणी मिळत नाही.

पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, कारण त्यांतील हरितद्रव्य एकदा मोडले की परत येत नाही, नव्या पानाकडे पाहून निकाल लावा, असे आपण बजावले होते. त्यानुसार कळवते की तीन कुंड्यांत नवी पाने टणक आणि तजेलदार आली आहेत. उत्तरेकडील कपाटावरच्या वेलीची नवी पाने मात्र निव्वळ हिरवी येत असून त्यांवरचे सोनेरी पट्टे नाहीसे झाले आहेत. हा रोग नसून प्रकाशाची कमतरता असावी, असे आपल्याच शिकवणीवरून मी समजते आणि ती कुंडी खिडकीजवळ हलवली आहे. पुस्तके बदलायला याल तेव्हा तिच्यावर एकदा नजर टाकावी, ही विनंती. बाटलीतल्या फांद्यांना मुळे फुटली की पहिली कुंडी आपल्याकडे पोहोचती करू.

आपली नम्र,
वाचनालयाची एक कार्यकर्ती