फ्लुइड लॅबच्या मामांना

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

व्हेंचुरीमीटरचं (पाइपमधला प्रवाह मोजणाऱ्या, मध्ये अरुंद होणाऱ्या नळीचं) सूत्र सेकंड इयरच्या प्रत्येकाला पाठ असतं, तरी जर्नलमध्ये कोएफिशंट ऑफ डिस्चार्ज, म्हणजे खरा प्रवाह भागिले सूत्राने येणारा प्रवाह, १.०१ निघतो. सूत्रात घर्षण धरलेलंच नसतं, त्यामुळे खरं पाणी त्याहून जास्त येऊच शकत नाही. चूक रीडिंगमध्येच असते, आणि ती नेमकी कुठे शोधायची हे तुम्ही शिकवलंत.

पहिली जागा टाकी. ४० बाय ४० सेंमीच्या टाकीत पातळी १० सेंमी चढली की १६ लिटर. २५ मिमी पाइप, १२.५ मिमी थ्रोट (मीटरचा सगळ्यात अरुंद भाग) आणि मॅनोमीटरच्या, म्हणजे दाबातला फरक दाखवणाऱ्या नळ्यांच्या, पाऱ्यात १० सेंमी फरक असताना त्याला साधारण २६ सेकंद लागतात. स्टॉपवॉच एक सेकंद आधी थांबलं की ०.९७ चा थेट १.०१ होतो. म्हणून तुम्ही पातळी २० सेंमी चढेपर्यंत थांबायला लावता.

दुसरी जागा मॅनोमीटर, आणि इथे तुमचा हट्ट सगळ्यात मोलाचा. प्रवाह बंद ठेवून पारा दोन्ही नळ्यांत एका रेषेत आला नाही, तर पुढचं एकही रीडिंग तुम्ही घेऊ देत नाही. एका उभ्या नळीत २ सेंमी हवा अडकली की पाण्याच्या २ सेंमीइतका हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाबातला फरक) चुकतो. पाऱ्याचा फरक १० सेंमी असेल, म्हणजे पाण्याचा १२६ सेंमी, तर ते जाणवत नाही. पण फरक १ सेंमीवर आला की हेड १२.६ सेंमीच उरतो आणि डिस्चार्ज सुमारे ८ टक्क्यांनी चुकतो. कमी प्रवाहाचे पॉइंट ग्राफवर का भरकटतात, याचं उत्तर पुस्तकात शोधून सापडलं नसतं.

मॅनोमीटरचे दोन्ही कॉक बरोबरच आणि हळू उघडायचे, नाहीतर एका बाजूचं प्रेशर पारा बाहेर फेकतं. सांडलेल्या पाऱ्याला हात लावायचा नाही. इनलेट पूर्ण उघडा ठेवून प्रवाह पुढच्या व्हॉल्व्हने कमी-जास्त करायचा, म्हणजे मीटर पाण्याने भरलेला राहतो.

आणि वाशीच्या होल्डिंग पाँडचा (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याचा) फ्लॅप, म्हणजे बिजागरीवरची झडप, भरतीला आपोआप का मिटतो, हे बिजागरीभोवती मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) घेऊन फळ्यावर दाखवलंत, त्याचेही आभार. सेंटर ऑफ प्रेशर (पाण्याचं एकूण बल जिथे लागतं तो बिंदू) सेंट्रॉइडच्या (झडपेच्या मध्यबिंदूच्या) खाली का असतो, हे तिथे पक्कं झालं.

तुमचा हा क्रम लिहून पुढच्या बॅचसाठी बेंचवर लावतोय. काही राहिलं असेल तर खोडून दुरुस्त करा.

तुमचे,
सेकंड इयरचे विद्यार्थी, नेरूळ