ताप गेला, खोकला राहिला

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचा फ्लूचा ताप उतरून तिसरा आठवडा संपत आला तरी खोकला हटत नाही. फोनवर दोन वाक्यं झाली की उबळ येते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

आई, तुला वाटतं की कफ आत साठलाय, तो पडला की बरं वाटेल. कोरड्या खोकल्यात बहुतेकदा तसं नसतं. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बसतो. त्या अस्तराला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते धूळ, चिकटा सतत वर घशाकडे ढकलत राहतात. आजारात या पेशी सोलून निघतात. विषाणू आठवडा-दहा दिवसांत जातो, पण अस्तर नव्याने धरायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर खालच्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी राहतात. मग नाशिकची पहाटेची गार हवा, फोडणीचा खकाणा, मोठ्याने हसणं, एवढंही पुरतं. नाकाच्या मागून घशात ओघळणारं पाणी त्यात भर घालतं. असा खोकला ३ ते ८ आठवडे रेंगाळू शकतो.

साध्या ब्राँकायटिसचा (श्वासनलिका सुजण्याचा) खोकलासुद्धा सरासरी १८ दिवस चालतो. लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभरात थांबावा अशी असते, आणि या मधल्या दिवसांतच दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणल्या जातात. ते जिवाणूंवरचं औषध आहे, हुळहुळ्या मज्जातंतूंवर त्याचा काही उपयोग नाही. गोळ्यांनी गुण आला असं वाटतं, कारण खोकला तसाही त्याच सुमारास उतरणीला लागलेला असतो. उतारवयात ते कधीकधी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं, हे वेगळंच. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते नको.

हे सगळं खरं असलं तरी आपल्या देशात दोन आठवड्यांच्या वर गेलेला खोकला क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय सोडायचा नसतो. बाबांना क्षय असेल असं मला वाटत नाही, पण वाटण्यावर भागत नाही. याच आठवड्यात छातीचा एक्स-रे काढा आणि थुंकी पडत असेल तर ती तपासायला द्या. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. नमुना मात्र नीट द्यायला हवा, नाहीतर तो वाया जातो. सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची. गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून जे येईल ते डबीत टाकायचं. अर्धा चमचा दाट थुंकी पुरते. पाण्यासारखी पातळ असेल तर ती तोंडातली लाळ, तिच्यात काही सापडत नाही. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा. थुंकी पडतच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते एक्स-रे बघून पुढचं ठरवतील.

बाबा, दुसरी गोष्ट तुमच्या बीपीच्या गोळीची. तुम्ही रॅमिप्रिल घेता. '-प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा, खवखवणारा खोकला लागतो. कधी लगेच, तर कधी गोळी सुरू करून काही महिने झाल्यावर. आजार आणि गोळी एकत्र आली की दोष कुणाचा ते सांगणं अवघड होतं. म्हणून डॉक्टरांना विचारा की ही बदलून टेल्मिसार्टनसारखी '-सार्टन' गटातली चालेल का. गोळी बदलल्यावर खोकला साधारण १ ते ४ आठवड्यांत ओसरतो, क्वचित तीन महिनेही लागतात. स्वतःहून बंद मात्र करू नका. बीपी भडकलं तर खोकला परवडला असं म्हणायची वेळ येईल.

आता काढा. आई, आलं, तुळस, गवती चहा, दोन मिरी, हे सगळं चालेल. ज्येष्ठमध मात्र बाबांच्या काढ्यातून काढून टाक. रोज घेतलं तर ते अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम खाली आणतं. बाबांची लघवीची गोळी आधीच पोटॅशियम कमी करते, दोन्ही एकत्र आले की पायात गोळे येतात, ठोके अनियमित होऊ शकतात. ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरणंही यातच आलं. झोपताना बाबांना एक छोटा चमचा मध नुसता चाटू दे आणि त्यावर लगेच पाणी नको. तुला मधुमेह आहे, त्या एका चमच्यात सहाएक ग्रॅम साखर असते, तेव्हा रात्रीचा एकच, तोही हिशेबात धरून. खडीसाखर आणि खोकल्याच्या गोड गोळ्यांनाही हाच हिशेब. घसा ओला ठेवायला लवंग पुरते.

गुळण्यांसाठी २५० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीनदा. बाबा, नाक मागे ओघळत असेल तर केमिस्टकडे नुसत्या मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात, ते झोपण्याआधी घाला. नाक मोकळं करणारे औषधी थेंब नकोत, चार-पाच दिवसांनंतर त्यांनीच नाक चोंदायला लागतं. वाफ घ्यायचीच तर साध्या पाण्याची, कापूर किंवा बाम न टाकता. पातेलं टेबलावर पक्कं ठेवा, पलंगावर किंवा मांडीवर कधीच नाही. वाफेने आराम वाटतो, बाकी काही होत नाही, आणि भाजलं तर महिनाभराचं दुखणं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट पैशांत मिळत नाही. कोरडा खोकला जितका खोकावा तितका वाढतो, कारण प्रत्येक उबळ त्याच हुळहुळ्या जागेला पुन्हा धक्का देते. घशात गुदगुली सुरू झाली की लगेच तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, दोन-तीन सेकंद श्वास रोखायचा आणि मग नाकाने अगदी हळू, लहान श्वास घ्यायचे. मिनिटभर असं करा. हाताशी पाण्याची बाटली ठेवा, एक घोट घेतलात तरी चालेल. पहिल्या दिवशी थोड्याच उबळी थांबतील, सवयीने आणखी थांबतात. खरोखर कफ असेल तेव्हा मात्र दाबायचा नाही. ताठ बसायचं, मध्यम श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडल्यासारखा 'हा' करत जोरात बाहेर टाकायचा. असं दोनदा झालं की एकच खोकला. घसा न सोलता कफ वर येतो.

आई, हे तुझ्यासाठी. खोकताना लघवीचे थेंब जातात हे तू सांगणार नाहीस, पण या वयात बऱ्याच बायकांना होतं. उबळ येतेय असं वाटताच लघवी रोखताना आवळतो तसे खालचे स्नायू आवळायचे, पाय एकावर एक घ्यायचे, मग खोकायचं. बाबा, तुम्ही उभे असताना जोराची उबळ आली तर धरून खाली बसा. सलग खोकताना मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडून चक्कर येते, आणि स्नानघरात पडलात तर खुबा जातो. बरगडीत एकाच जागी टोचायला लागलं आणि दाबल्यावर दुखलं तर दाखवून घ्या. हाडं विरळ झाली असतील तर खोकल्यानेही बरगडीला चीर जाते.

देवघरातली उदबत्ती आणि धूप महिनाभर बंद, निरांजन पुरे. मच्छरकॉइल तर अजिबात नको, मच्छरदाणी लावा. फोडणी घालताना एक्झॉस्ट चालू ठेवायचा आणि बाबांनी दुसऱ्या खोलीत बसायचं. केर काढण्याआधी फरशीवर ओलं फडकं फिरवलं की धूळ उडत नाही. सकाळचं फिरणं ऊन पडल्यावर, नाकातोंडावरून उपरणं घेऊन. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळत असेल तर दोन उशा घेऊन काही साधत नाही, मान तेवढी वाकते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे ठेवा.

सिरप घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं. अँब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतात (ब्रोमहेक्सिन निघालंय ते आपल्या अडुळशातल्या घटकावरूनच). दोन्ही एकाच बाटलीत असतील तर कफ सुटवायचा आणि तो काढायचा खोकलाही दाबायचा, असला उफराटा कारभार होतो. बाबांनी क्लोरफेनिरामिन (सर्दीवरचं गुंगी आणणारं औषध) असलेलं काहीही घेऊ नये. प्रोस्टेटमुळे लघवी आधीच अडखळते, ती पूर्ण तुंबू शकते, शिवाय गुंगीत रात्री उठून तोल जातो. नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिनने बीपी चढतं. कोडीन असलेल्या सिरपने बद्धकोष्ठ आणि झोप. घरातल्या उरलेल्या बाटलीतलं नातवाला चमचाभरही देऊ नका.

डॉक्टरांनी थोडे दिवस इनहेलर दिला तर घाबरू नका, आणि सवय लागेल म्हणून नाकारूही नका. कॅप्सूलवाला असेल तर कॅप्सूल गिळायची नाही. ती यंत्रात फोडून आतली पावडर ओढायची असते. ती गिळून 'काही फरक नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. आधी श्वास पूर्ण सोडा, मग जोरात आणि खोल ओढा, दहा सेकंद रोखा, शेवटी चूळ भरून थुंका. चूळ राहिली तर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

पुढचं काही दिसलं तर माझ्या फोनची वाट पाहू नका: थुंकीत रक्त, गेलेला ताप परत येणं, आडवं झाल्यावर दम लागणं आणि पायांना सूज, वजन उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, जेवताना वरचेवर ठसका लागणं, किंवा बाबा अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागणं. म्हातारपणी न्यूमोनिया कधी कधी तापाशिवाय, नुसत्या गोंधळाने सुरू होतो. ऑक्सिमीटर बोट गरम असताना, मिनिटभर शांत बसून लावायचा. आई, तुझ्या मेंदी लागलेल्या नखावर नको. आकडा ९४ च्या खाली दिसला तर डॉक्टरांना फोन, ९२ किंवा कमी असेल तर थेट रुग्णालय. छातीचा भाता, म्हणजे श्वास, पूर्ण मिनिटभर मोजा, बसल्या जागी २४ च्या वर गेला तरी दाखवायचं.

खोकला निवला की फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस दोघांनीही घ्यावी, त्याचं विचारून ठेवा.

एक्स-रे काढलात की फिल्म आणि रिपोर्ट दोन्हींचे फोटो पाठवा. बाबांचा आधीचा एक्स-रे लोखंडी कपाटात असेल, तोही डॉक्टरांकडे न्या. दोन्ही शेजारी धरले की जुना डाग कुठला आणि नवा कुठला ते लगेच कळतं.

तुमची लेक