सुमीला पत्र

प्रिय सुमे,

दीड वर्ष झालं. तुझा नंबर काढते आणि फोन परत ठेवते. बोलायला लागले तर रडू येईल, म्हणून लिहितेय.

आम्ही सगळे ठीक. ह्यांचं बीपी आटोक्यात आहे, माईंचे गुडघे तसेच.

गेल्या महिन्यात इराला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. लघवीचं कल्चर केलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय जंतू, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. खाली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. सेफिक्झीम: आर, म्हणजे लागू पडत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन: आर. अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे तेवढा एस, म्हणजे लागू पडेल. माझं बोट सेफिक्झीमवरच थांबलं, आणि तुझ्या औषधांच्या दुकानाचं काउंटर डोळ्यांपुढे आलं.

"चिठ्ठी आण, मग देते." केवढं झोंबलं होतं मला! शाळेपासूनची मैत्रीण आणि चिठ्ठी मागते? सेफिक्झीम शेड्यूल एच वनमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतलं, 2014 पासून डॉक्टरचं नि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहावं लागतं, हे तू सांगत होतीस तोवर मी पायरी उतरलेसुद्धा. चौकातून बाटली आणली. साधी सर्दी होती गं, व्हायरसची. ती चार दिवसांत आपोआपच गेली असती. मला वाटलं, औषधाने गेली. पुढच्या दोन्ही सर्दींना मी तेच पाजलं.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. आधी कुठली अँटिबायोटिक्स दिली? जन्मल्यावर काचेच्या पेटीत होती का? (होती, नऊ दिवस, इंजेक्शनं चालू. तू डबा आणायचीस.) पाळणाघरात जाते का? घरात कोणी अ‍ॅडमिट होतं का? माई होत्या, न्यूमोनियाने. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की पोरीला विकतचं दही घातल्याचं हे फळ! डॉक्टरसुद्धा हसले.

मग म्हणाले, असे जंतू धडधाकट मुलांच्या आतड्यातही महिनोन् महिने गुपचूप राहतात, लंगोट बदलताना हातावरून घरभर फिरतात. अँटिबायोटिक दिलं की साधे जंतू मरतात आणि ह्यांना रान मोकळं मिळतं. लघवीच्या मार्गात शिरले, तेव्हा आपल्याला कळलं. नेमके कुठून आले ते सांगता येत नाही म्हणाले. पण माझ्या मनातून ती बाटली जात नाही.

अमिकासिन लागू पडलं. मनगटाला पुठ्ठा बांधलेला, त्याच हाताने ती बाहुलीला सुई टोचत होती. "ललू नको हं," म्हणत होती. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

गोट्याची यंदा दहावी ना? अण्णा गेल्याचं कळलं होतं. यायला हवं होतं, सुमे. आले नाही.

फ्रिजच्या दारात मागची उरलेली बाटली सापडली. तळाशी पांढरा साका, लेबलवर लाल रेघ. मोरीत ओतणार होते, पण औषध मोरीत ओतू नये असं तूच ओरडायचीस. कागदात गुंडाळून ठेवलीय. शनिवारी दुकानात घेऊन येऊ का?

तुझी,
शुभा