बोथट ड्रिल भंगारात टाकण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या शेडमधले ड्रिल मशीन केव्हाच घरात आले. पडद्याचा रॉड बसवणारे, गेटचे बिजागर बदलणारे, निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या मांडवासाठी लोखंडी अँगलला भोके पाडणारे शेतकरी, सगळ्यांकडे ते दिसते. त्याच्या जोडीला ड्रिल बिटला (पुढे नुसते ‘ड्रिल’ म्हणू) धार लावणारे विजेचे छोटे यंत्रही आता ऑनलाइन आणि हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. ते घेणारे बरेच जण दोन-तीन ड्रिल घासून पाहतात, लोखंडात ड्रिल शिरत नाही म्हणून वैतागतात, यंत्र माळ्यावर टाकतात आणि ड्रिल भंगारात. आम्ही टूलरूममध्ये काम करणारी माणसे आहोत. आमच्या मते यातली बहुतेक यंत्रे टाकाऊ नसतात आणि बहुतेक ड्रिलही संपलेले नसतात. गडबड होते ती ड्रिल चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, धरताना, आणि धार लावल्यावर टोक न बघताच तो कामाला लावताना. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी टोक समजून घ्यायला हवे. साध्या लोखंडासाठीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. स्टेनलेस स्टील किंवा कडक पोलादासाठीचा, विशेषतः कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचा ड्रिल बहुधा १३५ अंशांचा आणि टोकाला फोड दिलेला, म्हणजे टोकाच्या मधला जाड भाग दोन्हीकडून घासून कमी केलेला असतो. टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक कापणारी कड असते. या दोन्ही कडा लांबीला आणि कोनाला सारख्याच हव्यात. प्रत्येक कडेच्या मागचा भाग कडेपेक्षा खाली उतरलेला हवा, साधारण ८ ते १५ अंशांनी. हा उतार नसेल तर कड लोखंडाला टेकण्याआधी मागची टाच टेकते. मग कितीही जोर लावा, ड्रिल नुसता घासतो, किंचाळतो, तापतो. घरी धार लावलेल्या ड्रिलची जी तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो ती हीच: हाताला धार लागते, पण भोक पडत नाही.

बाजारात यंत्रे मुख्यतः तीन तऱ्हांची आहेत. पहिल्यात झाकणावर ३ ते १० मिलिमीटरपर्यंतची भोके असतात. आपल्या मापाच्या भोकात ड्रिल घालायचा, आत फिरणाऱ्या दगडावर टेकवायचा आणि डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवायचा. हे स्वस्त असते, पण ड्रिल त्यात सैल राहतो, त्यामुळे दोन्ही कडा सारख्या येणे हाताच्या सवयीवर अवलंबून असते. दुसऱ्या तऱ्हेत ड्रिल आधी एका चकमध्ये धरतात, तो चक एका खाचेत घालून ड्रिलची दिशा जुळवतात आणि मग दुसऱ्या खाचेत नेऊन हिऱ्याचा लेप असलेल्या चाकावर फिरवतात. अमेरिकेतले ड्रिल डॉक्टर हे यातले सर्वांत ओळखीचे नाव. तिथल्या बाजारासाठी बनवलेले यंत्र कोणी सोबत आणले तर ते १२० व्होल्टचे असते, हे विसरू नये. ते इथल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर मोटर जळेल. तिसरे कोलेटचे, म्हणजे ड्रिलला सगळीकडून आवळणाऱ्या चिरलेल्या नळीचे यंत्र, १३ मिलिमीटरपर्यंतच्या ड्रिलसाठी. ते खरे तर छोट्या वर्कशॉपचे आहे. घरात महिन्याला चार ड्रिल लागत असतील तर तेवढा खर्च करू नये. घरासाठी आमचा कौल दुसऱ्या तऱ्हेला आहे.

त्या यंत्रावरचे काम असे. ड्रिल आधी कापडाने पुसा, फ्लूटमध्ये, म्हणजे ड्रिलच्या अंगावरच्या पेचदार चरांत, अडकलेले लोखंडाचे कण ब्रशने काढा. चकच्या जबड्यात एक कण राहिला तरी ड्रिल वाकडा धरला जातो. ११८ की १३५, ते यंत्रावर निवडा. मूळ टोक कोणते होते ते पाहून निवडायचे, आपल्या मनाने बदलायचे नाही, कारण कोन बदलायचा म्हणजे बरेच पोलाद घासून काढावे लागते. चक सैल ठेवून ड्रिल आत घाला आणि चक जुळवणीच्या खाचेत बसवा. तिथे ड्रिलला दोन बाजूंनी पकडणाऱ्या पट्ट्या असतात. त्या ड्रिलच्या फ्लूटमध्ये, जिथे ड्रिल सर्वांत अरुंद असतो तिथे बसल्या पाहिजेत. बरेच जण इथेच फसतात. पट्ट्या फ्लूटऐवजी बाहेरच्या जाड अंगावर टेकल्या की ड्रिल फिरलेल्या स्थितीत घट्ट होतो, आणि पुढे कितीही मन लावून घासले तरी उतार चुकीचाच येतो. ड्रिल हलकेच मागे-पुढे फिरवून पट्ट्या खाचेत बसल्याची बोटांना जाणीव होऊ द्या, ड्रिल पुढच्या आडव्या अडणीला टेकेपर्यंत ढकला आणि तसाच दाबून धरून चक आवळा. आवळताना ड्रिल थोडा फिरतो. म्हणून चक बाहेर काढून पुन्हा एकदा त्याच खाचेत घालून पाहा. सहज बसला तर जुळणी बरोबर आहे.

आता घासणे. चक दुसऱ्या खाचेत घाला, मोटर सुरू करा आणि अर्धी-अर्धी फेरी करत चक फिरवा. चकच्या कडेला उंचसखल गोल घडण असते. ती यंत्राच्या आधारावर सतत टेकून राहिली पाहिजे, कारण कडेमागचा उतार त्या घडणीमुळेच तयार होतो. चक मध्येच उचलला गेला की उतार गेला. दाब अगदी हलका ठेवा. दाबल्याने काम लवकर होत नाही, उलट चाकावरचा हिऱ्याचा लेप निघतो आणि टोक तापते. अर्ध्या फेऱ्यांची संख्या नेहमी सम ठेवा, म्हणजे दोन्ही कडा तितक्याच घासल्या जातात. ४ मिलिमीटरच्या ड्रिलला चार-सहा अर्ध्या फेऱ्या पुष्कळ होतात, १० मिलिमीटरच्या बोथट ड्रिलला याच्या तिप्पट-चौपट लागू शकतात. घासण्याचा आवाज कमी होत गेला की चाक आता काही कापत नाही असे समजा आणि थांबा.

कोपरे गेलेल्या ड्रिलचे वेगळे आहे. ड्रिल जास्त वेगाने चालवला की कडेची बाहेरची टोके आधी गोल होतात आणि ड्रिलच्या बाजूची बारीक उंच पट्टीही एक-दोन मिलिमीटर वरपर्यंत झिजते. तेवढी झीज पूर्ण मागे पडेपर्यंत टोक घासायला हवे, नाहीतर नवी धार दोन भोकांत जाते. घरच्या यंत्राने दोन मिलिमीटर पोलाद काढायला फार वेळ लागतो. आधी बेंच ग्राइंडरवर टोक ढोबळ घासून घ्या आणि मग यंत्रावर नेमके करा. ग्राइंडरवर ड्रिल तापला तर पाण्यात बुडवू नका. एच.एस.एस. (हाय स्पीड स्टील, ड्रिलचे नेहमीचे पोलाद) साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कडकपणा सोडत नाही, पण तापलेल्या टोकावर एकदम पाणी पडले की कडेला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि पुढे तिथूनच कपचा उडतो. थोडे घासा, हवेत गार होऊ द्या, पुन्हा घासा.

ग्राइंडरवर आणखी एक गोष्ट कळते. खऱ्या एच.एस.एस.च्या ठिणग्या मंद, तांबूस, कमी आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. साध्या कार्बन पोलादाच्या पांढऱ्या-पिवळ्या, भरपूर आणि फुलबाज्यासारख्या फुटणाऱ्या. रस्त्यावरच्या स्वस्त संचातले काही ड्रिल ही परीक्षा देताच उघडे पडतात. कार्बन पोलाद दोनशे अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, टोकाला निळी झाक आली की ते गेलेच. अशा ड्रिलवर यंत्र झिजवू नये. मिरांडा, अ‍ॅडिसन, टोटेम अशा नावांचे एच.एस.एस. ड्रिल मात्र अनेक वेळा धार घेतात.

धार लावल्यावर तपासणी हवीच, आणि तिला मोठी साधने लागत नाहीत. एकाच मापाचे दोन षटकोनी नट सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटवून धरा. त्यांच्यामध्ये वर जी खाच तयार होते तिचा कोन १२० अंश असतो. ११८ अंशांचे टोक तिच्यात जवळपास चपखल बसते. एका बाजूने उजेड दिसला तर दोन्ही कोन सारखे नाहीत. मग ड्रिल सरळ समोरून पाहा. दोन कडांच्या मध्ये एक छोटी आडवी रेषा दिसते. ही रेषा कडांना तिरकी, साधारण ४५ ते ६० अंशांत असावी. कडांशी काटकोनाच्या जवळ गेली असेल तर मागे उतारच नाही, टाच घासणार. ४५ च्याही खाली झुकली असेल तर उतार फार झाला. असा ड्रिल लोखंडात एकदम घुसतो, थरथरतो आणि त्याच्या कडा तुटतात. दोन्ही बाबतींत ड्रिल पुन्हा जुळवणीच्या खाचेत नेऊन एक केसभर फिरवून धरावा लागतो. टोक चकचकीत असल्याने नीट दिसत नसेल तर त्यावर मार्करची शाई लावा, दोन अर्ध्या फेऱ्या करा आणि शाई कुठली गेली ते पाहा. फक्त टाचेवरची गेली असेल तर चाक अजून कडेपर्यंत पोचलेलेच नाही.

कडांची लांबी कमी-जास्त झाली तर भोक मोठे पडते. टोक मध्यापासून पाव मिलिमीटर सरकले असेल तर भोक सुमारे अर्धा मिलिमीटर मोठे होते. आठचा बोल्ट सैल खेळू लागतो आणि दोष बोल्टला दिला जातो. शेवटची परीक्षा लोखंडाच्या ५-६ मिलिमीटरच्या पट्टीवर घ्या. भोकाच्या जागी सेंटर पंच मारून खळगा करा, दोन थेंब तेल टाका आणि वेग कमी ठेवा. दोन्ही फ्लूटमधून सारख्या जाडीचे वेटोळे निघाले तर धार उत्तम. एकाच बाजूने वेटोळे आणि दुसरीकडून भुगा येत असेल तर एकच कड काम करते आहे.

वेगाबद्दलही सांगायला हवे, कारण ड्रिल बोथट होण्याचे मूळ बहुधा तिथे असते. साध्या लोखंडात एच.एस.एस. ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला २५ ते ३० मीटर ठेवतात. म्हणजे १० मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला ८०० ते ९५० फेरे आणि ६ च्या ड्रिलला १३०० ते १६००. स्टेनलेस ३०४ मध्ये हा वेग मिनिटाला १०-१२ मीटरवर आणावा, म्हणजे ६ चा ड्रिल सुमारे ५५० ते ६५० फेऱ्यांवर. घरातली हातमशीन पूर्ण दाबली की अडीच हजारांच्या पुढे फिरते. स्टेनलेसमध्ये तर वेग जास्त आणि दाब कमी असला की पृष्ठभाग घासून आणखी कडक होतो, आणि नुकती धार लावलेला ड्रिलही तिथे हरतो.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या काळ्या पाषाणावर किंवा काँक्रीटवर चालणारे मेसनरी ड्रिल या यंत्रावर सरसकट घेऊ नका. त्यांच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो. साध्या तपकिरी-पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडावर तो घासला जात नाही, दगडच खराब होतो. त्याला हिऱ्याचे चाक किंवा हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो. लाकडासाठीचे मध्ये अणकुचीदार टोक असलेले ड्रिल, चपटे ड्रिल आणि पायऱ्यांचे ड्रिल हेही या यंत्राचे नाहीत. सोनेरी लेपाचे ड्रिल चालतात. टोकावरचा लेप जातो, आतले पोलाद कापतच राहते. ३ मिलिमीटरच्या खालच्या ड्रिलमागे वेळ घालवू नका, नवा घ्या.

ड्रिल बराच आखूड झाला की त्याचा मधला गाभा जाड लागतो, कारण तो शँककडे, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या मागच्या टोकाकडे, जाड होत जातो. अशा ड्रिलला धार असूनही जोर फार लावावा लागतो. फोडीची सोय असलेल्या यंत्रावर टोक फोडून घ्या, किंवा आधी गाभ्याच्या जाडीइतके छोटे भोक मारून मग हा ड्रिल चालवा.

यंत्रावर काम करताना डोळ्यांवर गॉगल हवाच, हातमोजे मात्र नकोत, ते चाकात ओढले जातात. साठलेली भुकटी प्रत्येक वापरानंतर ब्रशने काढून टाका, फुंकू नका. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमचे काहीही या चाकावर घासू नका, चाकाची छिद्रे भरून जातात.

आता दुकानदार आणि विक्रेत्यांकडे एक मागणी. खोक्यावर नुसते '३ ते १० मिमी' लिहून भागत नाही. टोकाचे कोन कोणते, चाक कसले, चाक बदलून मिळते का, आणि कार्बाइड चालते की नाही, हे ठळक मराठीत लिहावे, आणि विकताना गिऱ्हाइकाच्या हाती एक बोथट ड्रिल देऊन चकची जुळणी एकदा करून दाखवावी. सातपूरच्या शासकीय आयटीआयने शनिवारी-रविवारी नागरिकांसाठी असे एखाद्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवले तर शिकवायला आम्ही यायला तयार आहोत.

आपले,
सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील काही टूलरूम कारागीर,
नाशिक