ट्रेलरचा टायर नक्षी पाहून नव्हे, तारीख पाहून बदलावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने ट्रॅव्हल ट्रेलर (मोटारीमागे ओढायचे फिरते घर) ओढत कशी पाहावीत याविषयीचा लेख वाचला. आरक्षण, स्वयंपाकाची सोय, पाण्याच्या टाक्या, सांडपाणी कुठे सोडायचे अशी बारीकसारीक माहिती त्यात नेटकी दिली आहे. टायरबद्दल मात्र ‘निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहून घ्यावी’ एवढे एकच वाक्य आहे. मी फिनिक्स येथे राहतो, घरी दोन आसांचा ट्रेलर आहे आणि नोकरीचा बराचसा काळ वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की, हे वाक्य वाचकाला निर्धास्त करणारे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. ट्रेलरच्या टायरची स्थिती पाहून कळत नाही. जो टायर उद्या फुटणार आहे, तो आज पाहिला तर बहुधा नवाकोरा दिसतो.

मोटारीच्या बाबतीत आपल्याला एक सवय लागलेली असते. नक्षी झिजत जाते, टायर गोटा झाला की आपण बदलतो, आणि तोवर वर्षांचा हिशेब कोणी ठेवत नाही. रोज चालणाऱ्या मोटारीला हे बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिची नक्षी रबर म्हातारे होण्याआधी संपते. हौशीचा ट्रेलर वर्षातून काही हजार मैल चालतो आणि उरलेले महिने घराच्या बाजूला किंवा भाड्याच्या मोकळ्या जागेत उभा असतो. त्याची नक्षी दहा वर्षांतही संपत नाही. दरम्यान ऊन, ओझोन आणि उष्णता यांनी रबर कडक होत राहते. रबराला चिरांपासून वाचवणारी द्रव्ये टायर फिरताना, वाकताना पृष्ठभागावर येतात, म्हणून उभा टायर चालत्या टायरपेक्षा लवकर सुकतो. खरे नुकसान आत, नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडेला होते. तिथे पकड सैल होत जाते आणि एका गरम दुपारी नक्षीचा अख्खा पट्टा सुटून येतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्याआधी कधी कधी बारीकसा फुगवटा दिसतो, बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टायरच्या वयाचा अभ्यास केला, तेव्हा त्यासाठी वापरातले टायर गोळा केले ते आमच्या या फिनिक्समधूनच, कारण उष्ण प्रदेशात टायर लवकर म्हातारे होतात. तो अभ्यास मोटारींच्या टायरचा होता, पण रबराला तो फरक कळत नाही. मोटारींसाठी अनेक वाहन आणि टायर उत्पादक, नक्षी कितीही शिल्लक असो, सहा ते दहा वर्षांत टायर बदलायला सांगतात. ट्रेलरच्या टायरच्या बाबतीत जाणकार लोक पाचव्या वर्षापासूनच नव्यासाठी पैसे बाजूला काढतात, आणि ब्रिटनमध्येही कॅरॅव्हॅनधारकांना पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे कदापि नेऊ नका, असाच सल्ला दिला जातो. माझे मत याहून थोडे कडक आहे. ट्रेलर अॅरिझोना, नेवाडा किंवा टेक्सासमध्ये उघड्यावर उभा राहत असेल, तर पाच वर्षे ही शेवटची मुदत समजावी.

आता ही तारीख वाचायची कशी, ते सांगतो, कारण ती वाचण्यात एक गंमत आहे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंक असतात. 2318 असेल तर 2018 सालचा तेविसावा आठवडा. पण हे चार अंक टायरच्या एकाच बाजूवर छापले तरी कायद्याला चालते, आणि दुकानदाराने टायर उलट्या बाजूने बसवला असेल तर बाहेरून अर्धवट ओळ दिसते, तारीख आत राहते. मग सतरंजी टाकून, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरावे लागते आणि चिखल पुसून बोटाने अंक चाचपावे लागतात. हा उद्योग एकदा करून चारही चाके आणि स्टेपनी यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. स्टेपनी विसरू नये. कधीही रस्त्याला न लागलेली आठ वर्षांची स्टेपनी ही सुद्धा आठ वर्षांचीच असते.

वयाच्या जोडीला दुसरा शत्रू म्हणजे भार, आणि इथे आकडे फार बोलके आहेत. ट्रेलरसाठी खास बनवलेल्या टायरवर ‘एसटी’ ही अक्षरे असतात. (आपल्या लाल डब्याशी त्यांचा काही संबंध नाही.) लहान ट्रेलरच्या एका आसाची क्षमता बहुधा 3500 पौंड असते. त्यावर अनेक वर्षे सर्रास बसवला गेलेला 14 इंची, ‘सी’ या भारश्रेणीचा एसटी 205/75 आर 14 टायर 50 पीएसआय दाबाला 1760 पौंड पेलतो, म्हणजे दोन मिळून 3520. शिल्लक राहिले 20 पौंड, जेमतेम नऊ किलो! आता त्या ट्रेलरमध्ये तांदळाचे पोते, मिक्सर, प्रेशर कुकर, खुर्च्या, मुलांच्या सायकली भरा आणि पाण्याची टाकी तुडुंब करा. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. शिवाय सामान चारही चाकांवर सारखे कधीच बसत नाही. स्वयंपाकघर आणि फ्रिज ज्या बाजूला, त्या बाजूची चाके जास्त दबतात. 2017 पासून अमेरिकेतील अशा ट्रेलरच्या उद्योगाच्या संघटनेने आपल्या सदस्यांना टायरच्या क्षमतेत दहा टक्के राखीव ठेवण्याची अट घातली, हे चांगले झाले. पण वापरलेल्या ट्रेलरच्या बाजारात त्याआधीचे ट्रेलर ढिगाने आहेत आणि आपली मंडळी पहिला ट्रेलर बहुधा तिथूनच घेतात. ट्रकचालकांच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. तिथे थोडे पैसे देऊन, प्रवासाला निघतो तसा भरलेला ट्रेलर एकदा तरी काट्यावर घालावा.

हवेचा दाब हा भाराचाच दुसरा भाग आहे. मोटारीत कमी हवेने गाडी मऊ चालते, म्हणून ट्रेलरमध्येही थोडी कमी ठेवणारे लोक मला भेटले आहेत. 15 इंची एसटी 225/75 टायर 65 पीएसआयला 2540 पौंड पेलतो, तोच 50 ला 2150 वर येतो. म्हणजे हवा कमी ठेवणे म्हणजे लहान टायर बसवणेच झाले. शिवाय कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि वाकण्याची उष्णता होते. म्हणून एसटी टायरमध्ये बाजूवर लिहिलेला कमाल दाब, सकाळी टायर थंड असताना भरावा, हाच सर्वसाधारण नियम आहे. दुपारी तो आपोआप वाढलेला दिसेल, तेव्हा घाबरून हवा सोडू नये. साधारण दर दहा अंश फॅरनहाइटला दाब दोन टक्क्यांनी वाढतो आणि बनवणाऱ्यांनी तो धरलेलाच असतो.

दोन आसांच्या ट्रेलरची आणखी एक व्यथा आहे. ट्रेलर अरुंद जागेत मागे घेताना एकदा खाली उतरून चाकांकडे पाहावे. पुढचे चाक एकीकडे घासते, मागचे दुसरीकडे, टायरची बाजू पिळवटून अशी तिरकी होते की रिमवरून निसटेल असे वाटते, आणि खडी कचकच करत बाजूला सरकते. मोटारीचा टायर हे कधी सोसत नाही. ट्रेलरचा टायर प्रत्येक मुक्कामाला सोसतो, म्हणूनच त्याची बाजू मुद्दाम कडक बनवलेली असते, आणि म्हणूनच ‘मोटारीचा टायर स्वस्तात मिळाला, तोच बसवला’ हा व्यवहार अंगाशी येतो.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. वेगमर्यादेचे अक्षर नसलेले जुने एसटी टायर ताशी 65 मैलांसाठी असतात. नव्या टायरवर ‘एल’ असेल तर 75, ‘एम’ असेल तर 81. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना 55 ची मर्यादा आहे. त्या राज्याची हद्द ओलांडून नेवाडात किंवा पुढे यूटात शिरले की काही ठिकाणी पाटीवर 80 दिसते आणि उजवा पाय नकळत खाली जातो. रस्ता परवानगी देतो, टायर देत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने सात वर्षांचा ट्रेलर विकत घेतला होता. नक्षी खोल, बाजू काळीभोर, विकणाऱ्याने चमक आणणारा द्रव चोपडलेला. जून महिन्यात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाताना, चढावर लोकांना गाडीतील एसी बंद करायला सांगणाऱ्या पाट्या लागतात, त्या टप्प्यात त्यांच्या मागच्या डाव्या चाकाचा पट्टा सुटला. ओढणाऱ्या पिकअपमध्ये काहीच जाणवले नाही, कारण त्या बाजूचा भार जोडीच्या चाकाने उचलला. बाजूच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून खुणावले, तोवर सुटलेल्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा उपटला होता, विजेच्या तारा तोडल्या होत्या आणि सांडपाण्याचा पाइप फोडला होता. सुदैवाने गॅसची नळी वाचली. टायरच्या किमतीच्या कित्येक पट खर्च दुरुस्तीला आला. टायर दुकानाने बदलून देताना त्यांना जोडीचे चाकही बदलायला लावले आणि ते योग्यच होते, कारण काही मैल दुप्पट भार वाहिलेला टायर बाहेरून धड दिसला तरी आतून खचलेला असतो.

2000 साली, फोर्ड एक्स्प्लोरर मोटारींच्या फायरस्टोन टायरची नक्षी सुटून झालेल्या जीवघेण्या अपघातांच्या प्रकरणानंतर, अमेरिकेत कायदा झाला आणि 2007 च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब सांगणारा दिवा सक्तीचा झाला. ट्रेलर त्यातून सुटले. जिथे चालकाला काहीच जाणवत नाही, तिथेच हा दिवा नाही, हे मला आजही कोड्यात टाकते. बाजारात वॉल्व्हवर बसणारे सेन्सर मिळतात, ते गाडीतल्या लहान पडद्यावर दाब आणि तापमान दाखवतात. ट्रेलर विकत घेणाऱ्याने छतावरच्या डिश अँटेनाच्या आधी ते घ्यावेत.

टायर बदलताना दुकानदाराकडून एक गोष्ट हमखास राहते, ती वॉल्व्हची. साधा रबरी वॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच चालतो. ‘ई’ श्रेणीचा 80 पीएसआयचा टायर घेतला आणि जुनाच रबरी वॉल्व्ह ठेवला, तर महागडा टायर वॉल्व्हच्या बुडातून हवा सोडून मरतो. जास्त दाबाचा किंवा पितळी वॉल्व्ह मागून घ्यावा आणि रिमवर कोरलेला कमाल भार व दाबही पाहावा. नव्या टायरचीही तारीख बसवण्यापूर्वी वाचावी, कारण गोदामात दोन वर्षे पडलेला टायर नवा म्हणून विकला जातो. आणि चाके बसवल्यावर पहिल्या 50 ते 100 मैलांत थांबून नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासावेत, ते थोडे सैल होतातच.

हा विषय केवळ अमेरिकेतल्या हौशी लोकांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात ओढून नेण्याचे कॅम्पर ट्रेलरही धरले आहेत. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला टायर तपासणी सुरू करावी लागली, हे आपल्याच वृत्तपत्रात वाचले. ती तपासणी मुख्यतः झिजलेल्या टायरवर नजर ठेवते. वर्षातले नऊ महिने उभी राहणारी कॅरॅव्हॅन तिथून सहज पुढे जाईल, कारण तिची नक्षी शाबूत असेल. ब्रिटनने फेब्रुवारी 2021 पासून बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी केली. आपल्याकडे निदान पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅन आणि ट्रेलरसाठी टायरच्या वयाची अट घालायला हरकत नाही. भारतीय टायरवरही आठवडा आणि साल छापलेले असतेच, त्यामुळे तपासणाऱ्याला त्यासाठी वेगळे यंत्र लागणार नाही.

लेखमालेच्या पुढील भागात ट्रेलर भाड्याने घेण्याची पद्धत येणार असल्याचे आपण म्हटले आहे. आजकाल कंपनीपेक्षा खासगी मालकांकडून अॅपवर ट्रेलर घेणे वाढले आहे, आणि भारतातून मे-जूनमध्ये येणाऱ्या आईवडिलांना घेऊन निघणारी कुटुंबे त्यात पुष्कळ असतात. आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी मालकाकडून चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखेचे छायाचित्र मागवावे, आणि पाच वर्षांपेक्षा जुना टायर निघाला तर दुसरा ट्रेलर पाहावा, एवढी एक चौकट त्या भागासोबत छापावी, ही विनंती. एप्रिल संपण्यापूर्वी छापल्यास या हंगामात तिचा उपयोग होईल.

कळावे.
आपला नियमित वाचक,
फिनिक्स, अॅरिझोना