धुण्याच्या पाण्याने खराब झालेल्या लोडसेलबाबत तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय: दुधाच्या वजनटाकीखालचे चारही लोडसेल विनामूल्य बदलून मिळण्याबाबत

महोदय,

कोरेगाव तालुक्यातील (जि. सातारा) आमच्या दूध संकलन केंद्रात वजनटाकीखाली आपल्या कंपनीचे चार लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) बसवलेले आहेत. सकाळचे संकलन आटोपून टाकी धुतली की काटा शून्यावर थांबत नाही. रिकाम्या टाकीवर कधी दीड किलो दाखवतो, कधी उणे दोन, आणि कोणी हात न लावता आकडा सरकत राहतो. ओल सुकली की पुन्हा ठीक. "काटा मारता काय?" हे दूध घालायला येणाऱ्यांकडून आम्हाला ऐकून घ्यावे लागते, आपल्याला नाही.

आपल्या इंजिनिअरने फोटो पाहून "पाणी गेले आहे, वॉरंटीत बसत नाही" असे कळवले. पाणी गेले, हीच तर आमची तक्रार आहे.

सेलच्या पाटीवर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहे. म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास टिकेल, इतकीच हमी. आमच्याकडे रोज कॉस्टिक सोडा, गरम पाणी आणि वर जेटचा मारा असतो. अशा जागी आयपी ६९के लागते. त्याची चाचणीच ८० अंशांच्या पाण्याने, ८० ते १०० बार दाबाने होते. कोटेशन देण्यापूर्वी आपला माणूस धुणे चालू असताना तिथेच उभा होता. "डेअरीसाठी योग्य" हे शब्दही आपल्याच कोटेशनमधले.

जंक्शन बॉक्स (सेलच्या केबल जोडण्याची पेटी) उघडला तर तळाशी पाणी आणि टर्मिनलवर हिरवा थर. ग्लँड (केबल आत घेण्याची घट्ट तोंडे) वरच्या बाजूला बसवलेले, त्यामुळे केबलवरून ओघळलेले पाणी सरळ आत. हे काम आपल्याच फिटरचे. सेल सोडवून ५० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासले (५०० चा लावला असता तर सेल आम्हीच जाळले, असे आपणच म्हणाला असता). इन्सुलेशन हजार मेगाओमच्या वर हवे, दोन सेलवर वीससुद्धा येत नाही.

तरी सिलिकॉन भरलेले नकोत, पूर्ण वेल्डिंगने बंद केलेले स्टेनलेस स्टीलचे आयपी ६९के सेल द्यावेत. बॉक्सही स्टीलचा, ग्लँड खालून. सेल बदलल्यावर वैधमापन खात्याची (वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याची) फेरपडताळणी करावी लागेल, तो खर्च आपला. हे होईपर्यंत बिलातली राखून ठेवलेली १० टक्के रक्कम दिली जाणार नाही.

आपला,
व्यवस्थापक, दूध संकलन केंद्र

सोबत: फोटो, मेगरची नोंद, कोटेशनची प्रत